ब्युरेट दाखवेल तेच लिहा

बारावीच्या एका प्रॅक्टिकलला मी १०.३ चे १०.० केले होते. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक असलेल्या मोजमापाच्या उभ्या काचनळीत, पोटॅशियम परमँगनेट, कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, आणि परमँगनेटच्या बाटलीवर लेबल '०.०२ मोलर'. लेबल वाचून मी आधीच गणित करून ठेवलं होतं, रीडिंग बरोबर १०.० मिली यायला हवं. पायलट रीडिंग, म्हणजे पहिलं अंदाजाचं, आलं १० ते ११. मग १०.३, १०.३, १०.४. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचंही १०.३ च. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जर्नलमध्ये तीनदा १०.० लिहून मोकळ्या झालो. सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं पक्कं रीडिंग, १०.०.

सरांनी पान पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे ब्युरेटनं सांगितलं, की तू?"

ते द्रावण बरेच दिवसांपूर्वी केलेलं होतं. सरांनी त्याच दिवशी सकाळी ते स्वतः तपासलं होतं आणि त्याची खरी तीव्रता ०.०१९४ मोलर निघाली होती. म्हणजे १०.३ हेच बरोबर होतं. आम्ही दोघींनी बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं होतं. आज मी स्वतः अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि नवी बॅच लॅबमध्ये आली की ते १०.३ मला आठवतं. म्हणून हा एकच प्रयोग घेऊन मूलभूत केमिस्ट्री, लॅबमधलं वागणं आणि प्रामाणिकपणा या तिन्हींबद्दल बोलणार आहे. माझ्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आधी मोल. याची भीती उगाच बसलेली असते. बियाणं अभ्यासणारे लोक गव्हाचे दाणे एकेक मोजत बसत नाहीत. ते 'हजार दाण्यांचं वजन' काढतात. गव्हाचं ते साधारण ४० ग्रॅमच्या आसपास येतं. एकदा हे कळलं की पोत्याच्या वजनावरून दाणे किती ते सांगता येतं. केमिस्ट नेमकं हेच करतो. फक्त त्याचे दाणे फारच बारीक, म्हणून हजाराचा गठ्ठा पुरत नाही. त्याचा गठ्ठा ६०२ वर २१ शून्यं एवढ्या कणांचा. या गठ्ठ्याचं नाव मोल. सोडियम हायड्रॉक्साइडच्या एका मोलचं वजनही ४० ग्रॅमच भरतं, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. तराजूवर ४० ग्रॅम ठेवले, की तेवढे कण मोजून ठेवले असं समजा.

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात असे किती गठ्ठे आहेत. ०.०५ मोलर म्हणजे लिटरला ०.०५ गठ्ठा. बस, एवढंच.

आता प्रश्न असा, की एका द्रावणाची तीव्रता माहीत आहे, दुसऱ्याची नाही. दुसऱ्याची काढायची कशी? दोघांची प्रक्रिया होऊ द्यायची आणि पहिलं संपायला दुसरं किती लागलं ते मोजायचं. हेच टायट्रेशन. त्यासाठी एका बाजूला असा पदार्थ हवा ज्याच्या वजनावर डोळे झाकून विश्वास ठेवता येईल. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक तसे आहेत. शुद्ध मिळतात, हवेत ठेवून वजन करताना बदलत नाहीत. त्यांच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, ते धरून मोलचं वजन १२६ ग्रॅम. (हे पाणी विसरून ९० धरणारे दर वर्षी निघतात आणि मग सगळं गणित घसरतं.) २५० मिली ०.०५ मोलर द्रावण हवं असेल तर १२६ गुणिले ०.०५ गुणिले ०.२५, म्हणजे १.५७५ ग्रॅम. तेवढं तोलायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं, मेजरिंग फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेपर्यंत भरायचं.

परमँगनेटवर असा विश्वास ठेवता येत नाही. पाण्यात धूळ, काडीकचरा, कुठलाही सेंद्रिय अंश असला तरी ते त्याच्याशी प्रक्रिया करतं. उजेडात त्याचं विघटन होतं, म्हणून त्याची बाटली काळपट तपकिरी काचेची असते. तळाशी तपकिरी साका दिसतो तो मँगनीज डायऑक्साइडचा. जेवढा साका, तेवढं परमँगनेट कमी झालेलं. लेबलावरचा आकडा मात्र तोच राहतो. माझ्या बाटलीचं असंच झालं होतं.

प्रयोग पाहू. पिपेटनं, म्हणजे ठरावीक माप ओढून घेणाऱ्या काचनळीनं, १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचा, म्हणजे तोंडाशी वाफ दिसेल इतका, उकळू द्यायचा नाही. मग ब्युरेटमधून परमँगनेट थेंबथेंब. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच रेंगाळतो. इथे नवी मुलं दचकतात, एंड पॉइंट, म्हणजे प्रक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला समजून कॉक बंद करतात. थांबा, फ्लास्क हलवत राहा. रंग हळूहळू जाईल. दुसरा थेंब जरा लवकर विरतो, तिसरा त्याहून लवकर, आणि मग पडला की गेला. कारण या प्रक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या प्रक्रियेला वेग देतात. प्रक्रिया आपला उत्प्रेरक आपणच तयार करते. हे पहिल्या चार थेंबांत डोळ्यांसमोर घडतं, आणि केवळ ते बघण्यासाठी मी हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला तयार आहे.

शेवटी असा एक थेंब येतो की फिकट गुलाबी रंग टिकतो. फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक ॲसिड संपलं, आता पडणाऱ्या परमँगनेटला प्रक्रियेला कोणी उरलं नाही, म्हणून त्याचा स्वतःचा रंग दिसतो. शेवट दाखवायला रंग बदलणारा वेगळा पदार्थ, म्हणजे इंडिकेटर, लागत नाही. मध्येच तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलं किंवा तुम्ही घाई केली असं समजा. आणि सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडशीही झोंबतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकरण करतं, मग परमँगनेट कमी लागतं.

आता हिशेब. या प्रक्रियेत परमँगनेटचे २ कण ऑक्झॅलिक ॲसिडच्या ५ कणांना पुरतात. १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक म्हणजे ०.५ मिलिमोल (मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग). त्याला लागणारं परमँगनेट ०.५ गुणिले दोन पंचमांश, ०.२ मिलिमोल. ते १०.० मिलीमध्ये असेल तर तीव्रता ०.०२००, आणि १०.३ मिलीमध्ये असेल तर ०.०१९४. ब्युरेटच्या नॉझलमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिली असतो. म्हणजे लेबल आणि सत्य यांच्यात फरक होता सहा थेंबांचा. त्या दिवशी बाटलीबद्दल आम्हाला जे काही नवीन कळू शकत होतं, ते सगळं त्या सहा थेंबांत होतं, आणि तेच आम्ही पुसून टाकलं.

एवढ्या सहा थेंबांवर विश्वास ठेवायचा तर आधी आपला हात विश्वासाचा हवा. लॅबमधल्या बारीकसारीक सूचना त्यासाठीच असतात, पण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही म्हणून त्या कटकटीच्या वाटतात. ब्युरेट आणि पिपेट त्या-त्या द्रावणानं विसळून घ्यायचे, कारण आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्यानं. तो ऑक्झॅलिकनं विसळला तर पिपेटनं मोजून घेतलेल्या कणांत न मोजलेले कण मिसळतात. त्यात पाणी राहिलं तरी चालतं, पाण्यानं कणांची संख्या बदलत नाही. हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही. मोल म्हणजे संख्या, हेच इथे पुन्हा भेटतं.

ब्युरेट भरल्यावर वरचं फनेल काढा, त्याच्या टोकाला लटकलेला थेंब मध्येच पडतो. नॉझलमधला हवेचा बुडबुडा घालवा. रीडिंग घेताना डोळा पातळीच्या रेषेत, ना वर ना खाली. रंगहीन द्रावणाचा मेनिस्कस, म्हणजे नळीतल्या द्रावणाचा वाटीसारखा वाकलेला पृष्ठभाग, खालच्या कडेला वाचायचा, पण परमँगनेट इतकं गडद की खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तीच कड धरली की फरक बरोबर येतो. पिपेटच्या टोकात राहणारा शेवटचा थेंब फुंकून पाडू नका, पिपेटवरची खूण तो आत राहील हे धरूनच केलेली असते. आणि तोंडानं ओढू नका. अजूनही कित्येक लॅबमध्ये तोंडानं ओढतात हे मला माहीत आहे. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी बल्ब स्वस्त मिळतो. नसेल तर मागा, आणि लाजू नका.

आता जर्नल. रीडिंग 'जुळवणं' हा शब्द आपल्याकडे इतका सहज वापरतात की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. पण ही लबाडी जुनी आहे आणि तिला नावंही जुनी आहेत. गणकयंत्राची कल्पना मांडणारा इंग्लंडचा चार्ल्स बॅबेज याने १८३० मध्ये विज्ञानातल्या फसवणुकीचे प्रकारच लिहून ठेवले. साफ खोटं रचणं हा एक. दुसरा कातरण्याचा, म्हणजे सरासरीपासून फार वर गेलेल्या रीडिंगचं थोडं कापून खाली गेलेल्याला जोडायचं. सरासरी तीच राहते, काम मात्र फार अचूक दिसतं. तिसरा शिजवण्याचा, म्हणजे ढीगभर रीडिंग घ्यायची आणि त्यातली हवी तेवढीच ताटात वाढायची. पोरं 'कुक केलं' म्हणतात ते जवळपास दोनशे वर्षांचं आहे. आम्ही केलं ते पहिल्या प्रकारातलं, म्हणजे सगळ्यात वाईट.

मग चुकीचं रीडिंग कधीच सोडायचं नाही का? सोडायचं, पण कारण असेल तर आणि कारण लिहून. बुडबुडा राहिला होता, फ्लास्क हिंदकळला, थेंब बाहेर पडला. शाईनं एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण लिहा. व्हाइटनर लावू नका. कच्च्या कागदावर रीडिंग घेऊन घरी सुवाच्य अक्षरात जर्नल उतरवण्याची सवय तर मला अजिबात पटत नाही. डाग पडलेलं, खाडाखोड झालेलं, पण लॅबमध्येच भरलेलं पान मला हजारपटीनं प्रिय आहे.

यात दोष फक्त मुलांचा नाही. अपेक्षित उत्तराच्या जवळ गेलं की मार्क, लांब गेलं की कमी, असं ठेवलं तर मुलं उत्तर आधी विचारणार आणि रीडिंग मागून बसवणार. मी आता प्रत्येक टेबलाला वेगळ्या तीव्रतेची बाटली देते आणि लेबलावर आकडा लिहीत नाही. त्यात माझा वेळ जातो, पण जर्नलमधले आकडे खरे येतात.

न जुळणारा आकडा जपून ठेवला की काय हाती लागतं, त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आर्गॉनचं आहे.

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. पद्धत साधी पण फार किचकट. काचेचा एक मोठा गोल रिकामा करून तोलायचा, वायू भरून तोलायचा, वजाबाकी करायची. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन एकीकडे, आणि अमोनियासारख्या संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन दुसरीकडे. दोन्ही नायट्रोजनच, तर वजन सारखं हवं. ते येईना. १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून सरळ सांगितलं की मी कोड्यात पडलो आहे, केमिस्ट लोकांनी काही सुचवावं. एवढ्या नावाजलेल्या माणसानं असं चारचौघांत लिहावं हे मला आजही मोठं वाटतं.

सुरुवातीला फरक हजारात एकाच्या आसपास होता. कुणीही तो मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅलेंनी उलट केलं, फरक वाढतो का ते पाहिलं. पहिल्या पद्धतीत अमोनियाच्या नायट्रोजनबरोबर हवेतलाही काही नायट्रोजन येत होता. पूर्णपणे संयुगांपासून केलेला नायट्रोजन घेतल्यावर फरक दोनशेत एक झाला. त्याच गोलात हवेतला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा, संयुगांतला सुमारे २.२९९. अकरा मिलिग्रॅम. आणि पुन्हा पुन्हा तोलला तरी तेच.

विल्यम रॅम्झे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजन धरून ठेवतं. शेवटी थोडासा वायू उरला, तो कशाशीच प्रक्रिया करीना. १८९४ मध्ये दोघांनी ही नवी गोष्ट जाहीर केली. ग्रीक भाषेतल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव आर्गॉन पडलं. आपल्या हवेत तो जवळपास एक टक्का आहे, प्रत्येक श्वासात आत-बाहेर होतो. तुम्हीच पडताळून पाहा. ऑक्सिजन काढलेल्या हवेत आर्गॉन सुमारे १.१८ टक्के. त्याचं वजन ४०, नायट्रोजनच्या रेणूचं २८. जास्तीचे १२ भागिले २८, गुणिले १.१८ टक्के, म्हणजे अर्धा टक्का. दोनशेत एक. रॅलेंच्या तराजूनं दाखवलेला आकडा तंतोतंत. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यात मला सगळ्यात आवडतो तो भाग आणखी मागचा. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत विजेच्या ठिणग्या पाडून सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला होता. शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला, काही केल्या जाईना. तो काय आहे हे त्यांना कळलं नाही. पण मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून तो जास्त नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. शंभरहून अधिक वर्षांनी रॅले आणि रॅम्झे यांनी ते वाचलं आणि ओळखलं, हाच तो. कॅव्हेंडिशनं 'नायट्रोजन पूर्ण संपला' असं लिहिलं असतं तर त्या काळात कुणीही हरकत घेतली नसती.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यान हेंड्रिक शोन हा तरुण संशोधक थक्क करणारे निष्कर्ष भराभर छापत होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत बारीक थरथरसुद्धा हुबेहूब सारखी आहे. खऱ्या मोजणीतली थरथर कधीच दोनदा सारखी येत नाही. चौकशी समितीनं मूळ नोंदी मागितल्या. नोंदवही त्याने ठेवलीच नव्हती आणि मूळ फाइली कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं त्याचं म्हणणं. २००२ च्या अहवालात २४ पैकी १६ आरोपांत त्याला दोषी धरलं. तीनदा १०.०, १०.०, १०.० लिहिलेलं माझं पान सरांना कशामुळे खटकलं असेल ते मला हे वाचल्यावर नीट कळलं.

राहिली सुरक्षितता. गॉगल घाला. ओढणी, केस बांधा. वास घ्यायचा तर हातानं हवा नाकाकडे आणून, नळीवर वाकून नाही. बाटलीतून काढलेलं रसायन परत बाटलीत टाकू नका. ॲसिड पाण्यात हळूहळू घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या जवळपास १.८४ पट जड असतं. वरून ओतलेलं पाणी त्याच्यावर तरंगतं, मिसळताना सुटणाऱ्या उष्णतेनं जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडचे थेंब घेऊन अंगावर उडतं. आणि काही सांडलं, फुटलं, भाजलं तर त्याच क्षणी सांगा. लपवू नका, रागावतील म्हणून तर मुळीच नाही. माझ्या लॅबमध्ये फुटलेल्या काचेसाठी मी आजवर कुणावर आवाज चढवलेला नाही, तो याचसाठी.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये कॅरन वेटरहान या प्राध्यापक विषारी धातूंचा अभ्यास करत. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी द्रव संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. लॅटेक्सचे मोजे त्या काळी योग्य मानले जात. पुढे चाचणी झाली तेव्हा कळलं की हा द्रव त्यातून पंधरा सेकंदांत आरपार जातो. लक्षणं दिसायला महिने गेले, जानेवारीत तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. तोवर उशीर झाला होता. जून १९९७ मध्ये त्या गेल्या, वय ४८. त्या आजारी असतानाच त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या केमिस्टना या मोज्यांबद्दल जाहीर इशारा दिला.

डॉक्टरांना ठरवायचं होतं की एवढा पारा शरीरात केव्हा आणि कसा गेला. त्यांनी वेटरहान यांच्या डोक्यावरचा एक लांब केस घेतला आणि मुळापासून टोकापर्यंत तुकड्यातुकड्यानं त्यातला पारा मोजला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीही एक दिनदर्शिकाच. एका ठिकाणी पारा एकदम चढलेला दिसला आणि पुढे हळूहळू उतरत गेला. ते ठिकाण त्यांच्या लॅबच्या नोंदवहीशी ताडून पाहिलं. त्या दिवसाचं काम वहीत लिहिलेलं होतं, आणि केस आणि वही दोन्ही एकच सांगत होते.